काळोखातलं जेवण

प्रश्न: ताई, मी म्हापशाची, आईला घेऊन पॅरिसला चाललेय. तिथल्या मिट्ट काळोखातल्या रेस्टॉरंटात जेवायचंय, पण आईला सुंगटांची (कोळंबीची) अॅलर्जी आहे, जाऊ का?

उत्तर: अगं जा की! 'दां ल न्वार' २००४ पासून चालू आहे, वाढणारे अंध किंवा कमी दिसणारे असतात, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून आत जायचं, मोबाईल, घड्याळ सगळं बाहेर लॉकरमध्ये. एरवी ज्यांचा हात आपण धरतो तेच तिथे आपल्याला सांभाळतात, मला हे फार भावतं. पण ताटात काय होतं ते जेवून झाल्यावरच कळतं, म्हणून बुकिंग करतानाच अॅलर्जीचं सांग आणि आत जायच्या आधी परत एकदा सांगच. आईला काळोखाची धास्ती वाटत असेल तर आधी घरी डोळे बांधून शीत-हुमण, म्हणजे आपला भात आणि माशाची आमटी, जेवून बघा.