म्योडलारॉइट : ओढ्याने नव्हे, माणसांनी तोडलेलं गाव

तुम्ही विचारलंय की जर्मनीत बव्हेरिया आणि थ्युरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेल्या म्योडलारॉइट या चिमुकल्या गावाला 'छोटं बर्लिन' का म्हणतात आणि वाट वाकडी करून तिथे जावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : जा. मात्र नदीकाठचं सुंदर गाव मनात धरून गेलात तर निराश व्हाल.

गावाच्या मधून वाहणाऱ्या टानबाखला नदी म्हणायचं तर धाडसच. साधा ओहोळ आहे, लांब ढांग टाकली की पलीकडे. आजूबाजूला चढउताराची शेतं, थोडं रान, गावात एक तळं, चार गोठे आणि जेमतेम चाळीस-पन्नास माणसं. हा होफ शहराचा परिसर. इथल्या थंडीमुळे जर्मन लोक गमतीने याला 'बव्हेरियातलं सायबेरिया' म्हणतात.

'छोटं बर्लिन' हे नाव पडलं ते इथेही बर्लिनसारखी भिंत उभी राहिली म्हणून. गंमत अशी की सरहद्द इथे त्या भिंतीच्या कितीतरी आधीपासून होती. 1810 मध्ये ओढ्याकाठी हद्दीचे दगड रोवले गेले, एका बाजूला बव्हेरियाचं राज्य आणि दुसऱ्या बाजूला रॉइसचं छोटं संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, पलीकडचा भाग थ्युरिंगियात आला, पण गाव एकच राहिलं. शाळा आणि गुत्ता थ्युरिंगियाच्या बाजूला, तर चर्चसाठी सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनला जायचे. हद्द फक्त कागदावर होती. ती खऱ्या अर्थाने लागू झाली 1945 नंतर, कारण ओढ्याच्या अलीकडे, बव्हेरियाच्या बाजूला, अमेरिकन अंमल आला आणि पलीकडे, थ्युरिंगियात, सोव्हिएत. 1949 मध्ये तर पश्चिम आणि पूर्व जर्मनी असे दोन वेगळे देशच झाले.

1952 मध्ये पूर्व जर्मनीने सगळ्या सरहद्दीलगत पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा आखला. ज्यांच्यावर भरवसा नाही अशा आठ हजारांवर लोकांना त्या पट्ट्यातून रातोरात उठवून आत नेऊन टाकलं. या मोहिमेला सरकारी कागदात चक्क 'किडे-ढेकूण' अशा अर्थाचा शब्द वापरला होता. म्योडलारॉइटमध्ये त्याच वर्षी ओढ्यालगत पुरुषभर उंचीचं लाकडी कुंपण आलं. नंतर काटेरी तार आली आणि 1966 मध्ये 700 मीटर लांबीची, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. अमेरिकन सैनिकांनी दिलेलं 'लिटल बर्लिन' हे नाव तिच्यामुळेच चिकटलं. 1983 मध्ये जॉर्ज बुश (थोरले, तेव्हा उपाध्यक्ष) ती बघून गेले.

मला स्वतःला भिंतीपेक्षा एक नियम जास्त टोचला. पूर्वेकडच्यांना पलीकडच्यांना हात करायलासुद्धा मनाई होती. म्हणजे बघा, समोरच्या घरात तुमचा भाऊ किंवा मावशी राहते, ती हाक मारते, हात हलवते आणि तुम्ही मान खाली घालून गोठ्यात शिरायचं. भिंत ओलांडून पळालेला माणूस इथे एकच सांगितला जातो, 1973 सालचा, तोही शिडी लावून.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला उघडली. इथे पायी जायची वाट मिळायला आणखी बरोबर एक महिना लागला, 9 डिसेंबर. पुढच्या जूनमध्ये बुलडोझर आला. भिंतीचा काही भाग मात्र मुद्दाम ठेवला. तो भाग, टेहळणीचा मनोरा आणि तारा हे सगळं आज उघड्यावरचं संग्रहालय आहे. आधी संग्रहालयाची फिल्म बघा आणि मग बाहेर या, नाहीतर नुसतं काँक्रीट बघून परताल. सोबत गरम जाकीट हवंच. गावाला बसचा भरवसा धरू नका, गाडी असेल तर उत्तम. न्यूर्नबर्ग-बर्लिन हा ए-9 महामार्ग जवळूनच जातो.

आणि हो, गाव अजूनही दोन राज्यांत आहे! बव्हेरियाकडचा पिनकोड 95183, थ्युरिंगियाकडचा 07926. फोनचे कोड वेगळे, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या, महापौरही दोन. बव्हेरियाच्या बाजूला भेटलेला म्हातारा नमस्कार करताना 'ग्रुस गॉट' म्हणतो आणि ओढ्यावरून पाऊल टाकलं की तेच 'गुटन टाग' होतं. मी दोनदा ये-जा करून खात्री करून घेतली. दुसऱ्या वेळी आजोबा हसायला लागले.