वायरीवरचं लोहचुंबक आणि सासूबाईंच्या कॅसेटी

प्रश्न : माझ्या दिरांनी पुण्याहून लोहचुंबकाच्या सहा क्लिपा आणल्या. चार अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींवर बसवल्या. ‘आवाज मोकळा होतो,’ म्हणे. यजमानांनाही फरक कळतो, मला काडीचा कळत नाही. माझे कान गेले का? उरलेल्या दोन स्पीकरवर कॅसेटींजवळ ठेवल्या आहेत. त्या कॅसेटींत सासूबाईंनी म्हटलेली हळदीची अहिराणी गाणी आहेत.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, कान तुमचे ठणठणीत आहेत. वायर तांब्याची, तिला लोहचुंबक चिकटतसुद्धा नाही. चुंबक हलत राहिलं तर तारेत वीज तयार होते. नुसतं बसून राहिलेलं चुंबक आतल्या सिग्नलला काही करत नाही. स्पीकरच्या पाठीवरचं ते काळं जाड कडं पाहिलंत? बहुतेक स्पीकरांत तेच लोहचुंबक असतं. त्याच्या फटीत व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, पुढेमागे हलते, म्हणून आवाज निघतो. वायरीवरच्या चिमट्याने त्यात काय भर पडणार?

यजमानांना भिंतीकडे तोंड करून बसवा. क्लिपा कधी काढा, कधी ठेवा, दहा वेळा विचारा आणि वहीत लिहा. (पुढच्या भांडणाला मी जबाबदार नाही.)

एवढं मात्र बघा, क्लिप टाचणी ओढते का. ओढत नसेल तर तो फेराइटचा मणी, मॉनिटरच्या वायरीवर फुगीर गाठ असते तोच. तो रेडिओच्या लहरी अडवतो; 20 ते 20,000 हर्ट्‌झच्या ऐकू येणाऱ्या आवाजाला हात लावत नाही. मोबाइल वाजायच्या आधी स्पीकर ‘टर्र टर्र’ करत असेल तर कधीकधी कामाला येतो. सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर ते 50 हर्ट्‌झच्या मेन्सचं लचांड, तिथे अर्थिंग तपासायचं.

लोहचुंबक त्रास देतं ते भलतीकडेच. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक स्पीकर आला, लेथच्या शेडमध्ये वाजणारा. मधली टोपी पोराने बोट घालून फाडलेली, आवाज घासल्यासारखा. कॉइलच्या फटीत लोखंडाचा कीस. तो फुंकून निघत नाही, आणि दुसऱ्या चुंबकाने काढावा तर फटीतली ओढ जास्त. शेवटी स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पुढचा पडदा, उतरवला, पोस्टकार्डाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि कण कण उचलला. अख्खी दुपार गेली.

पण मला खरी काळजी सासूबाईंच्या गाण्यांची आहे. कॅसेटीतला आवाज म्हणजे पट्टीवर उमटलेलं चुंबकत्वच. चुंबक जवळ असलं की ते पुसलं जायला लागतं. क्लिपा आजच उचला, आणि कॅसेटीही स्पीकरवरून काढून कपाटात उभ्या लावा. स्पीकरच्या पोटातही चुंबक आहेच.

वाजवण्याआधी कॅसेट डेकचं हेड, म्हणजे पट्टीला टेकून आवाज वाचणारा भाग, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हेडमध्ये चुंबकत्व साठलेलं असेल तर ‘स्स्स’ वाढतो, बांगड्यांची बारीक किणकिण हळूहळू बोथट होते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे डीमॅग्नेटायझर, म्हणजे हे साठलेलं चुंबकत्व घालवणारं यंत्र, असेल तर ते आणा. डेक बंद ठेवायचा. यंत्र हातभर लांब धरून चालू करायचं, हळू हेडपाशी न्यायचं, तितकंच हळू मागे घ्यायचं आणि हातभर लांब आल्यावरच बंद करायचं. हेडपाशी असतानाच बंद केलं तर हेड उलट जास्त चुंबकतं. मग पहिल्याच वाजवणीत सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. आणि हो, यंत्र चालू असेपर्यंत कॅसेटी पलीकडच्या खोलीत.