आधी अक्षरं की आधी मोबाईल?

प्रश्न: ताई, आमच्या सासूबाई साठीला आल्यात. लग्न होऊन जालन्याकडून विक्रोळीला आल्या, चार घरची धुणीभांडी करून माझ्या मिस्टरांना शिकवलं, स्वतः मात्र शाळेची पायरी चढल्या नाहीत. माझी आठवीतली मुलगी रोज संध्याकाळी ‘उल्लास’ या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या पुस्तिकेवरून आजीचा अभ्यास घेते. मिस्टर म्हणतात, “या वयात बाराखडी कशाला? आई बोलून व्हिडिओ शोधते, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते. तिला पैसे पाठवायला शिकवा, झालं.” मला दोघांचंही पटतं. साक्षरतेचा अर्थच आता बदललाय का?
– एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी

उत्तर: आधी तुमच्या लेकीला शाबासकी द्या. तिचा वर्ग बंद पडू देऊ नका.

अर्थ बदललाय, हे खरं.  सात वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या ज्याला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं, त्याला जनगणना साक्षर धरते. नुसतं वाचता येऊन भागत नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने व्याख्या आणखी रुंद केली. त्यात लिहिण्या-वाचण्याबरोबर हिशेब आला, डिजिटल आणि पैशाच्या व्यवहारांची जाणही आली. म्हणजे यादी वाढली, पण तिच्यातली पहिली ओळ कुणी खोडलेली नाही. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला तिथेच पटत नाही.

माझी उभी नोकरी परळच्या रात्रशाळेत झाली. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने याच गिरणगावात कामगारांसाठी वाचनालयं आणि रात्रीचे वर्ग चालवले. त्या काळच्या निरक्षर माणसाची अडचण काय असायची? जीपीओसमोर, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयासमोर, पत्रं लिहून देणारे बसायचे. माणूस मजकूर सांगायचा, ते लिहायचे, मनीऑर्डरचा फॉर्मही भरून द्यायचे. बायकोचं दुखणं, बहिणीचं लग्न, सावकाराचा तगादा, सगळं परक्याच्या कानावर घालावं लागायचं. आज मोबाईलच्या दुकानातला मुलगा तेच काम करतो. पण पत्र लिहिणाऱ्याला तुमचं दुःख कळलं तरी तुमच्या पैशाला हात लावता येत नव्हता. ओटीपी ज्याच्या हाती गेला, त्याला पैशाला हात लावता येतो.

लाडकी बहीण योजनेच्या केवायसीसाठी मी वर्गातल्या एका मावशींबरोबर अशाच दुकानात गेले होते. या मावशी श्रावणात अडखळत का होईना, पोथी वाचतात. फोन वाजला, मेसेज आला आणि त्यांनी भरल्या दुकानात ओटीपीचे सहाही आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मी फोन हातात घेतला. आकड्यांच्या खालीच ‘हे कुणालाही सांगू नका’ असं इंग्रजीत लिहिलेलं. दुकानातला मुलगा सज्जन होता, काम नीट झालं. पण मावशींची सुरक्षा त्याच्या सज्जनपणावर अवलंबून राहिली, याची मला फार काळजी वाटते.

आवाजाच्या सोयीला मी कमी लेखत नाही. सासूबाईंना गावाकडच्या बहिणीशी मनातलं बोलता येतं, ही मोठी गोष्ट आहे. मात्र फोनवर कुणी घाई करत असतं, तेव्हा त्याचाच आवाज कानात असतो. समोर अक्षरं असली आणि ती वाचता आली, तर माणूस थांबून पुन्हा वाचू शकतो.

तेव्हा दोन्ही बरोबरच शिकवा. पुस्तिकेच्या धड्याबरोबर घरातला एखादा खरा कागद घ्या. विजेचं बिल घ्या, त्यावरची रक्कम, शेवटची तारीख, ग्राहक क्रमांक त्यांनी बोट ठेवून शोधावा. ‘आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा’ असले मेसेज फिरत असतात. बिल वाचता येणारी बाई आधी भरल्याची पावती बघते. बँकेचे मेसेज इंग्रजीत येत असतील तर सुरुवातीला दोनच शब्द ओळखू द्या. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे खात्यातून गेले. लोकलच्या इंडिकेटरवरचे एस आणि एफ, म्हणजे स्लो आणि फास्ट, त्या ओळखत असतील, तसेच हेही ओळखतील.

पैसे पाठवायलाही जरूर शिकवा. पिन मात्र त्यांचा त्यांनी ठरवावा आणि घरातल्या कुणीही, मिस्टरांनीसुद्धा, तो विचारू नये. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घ्या. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा; हा आकडा नातीने वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून द्यावा. आणि ‘तुला नाही कळायचं’ हे वाक्य घरात नको. या सापळ्यांत पदवीधरही अडकतात.

उल्लासची परीक्षा १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. सासूबाईंना तिला जरूर बसवा. नावनोंदणीची चौकशी जवळच्या महापालिका शाळेत करा.