नेपाळला विद्यार्थी न्यायचेत? आधी दिवाळीची सुट्टी डोक्यातून काढा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याच्या तुमच्या कॉलेजला काठमांडूहून सांस्कृतिक-शैक्षणिक देवाणघेवाणीचं निमंत्रण आलंय. मुलं, तुम्ही आणि एक सर असे जाणार. दिवाळीच्या सुट्टीत जायचं, लावणी-पोवाडा-गोंधळ सादर करायचा, एमओयूवर, म्हणजे दोन कॉलेजांमधल्या सामंजस्य करारावर, सह्या करायच्या आणि पोखरा बघून परतायचं, असं प्राचार्यांच्या मनात आहे. "यात काय सुटतंय?" असं तुम्ही विचारलंय. सांगलीत नोकरीत असताना असे दौरे आखायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तारीख. आपली दिवाळी तोच त्यांचा तिहार. त्याआधी दशैं, म्हणजे नेपाळचा सगळ्यात मोठा सण, आणि तिहार संपतो न संपतो तोच तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात, छठ. कॉलेजं बंद, मुलं गावी. तुमच्यासमोर बसायला संचालक मंडळ तेवढं मिळेल. मार्गशीर्षात जा. शनिवारी तिथे सुट्टी असते, त्या दिवशी कॉलेजभेट ठेवू नका. आणि त्यांच्या पत्रातली तारीख नीट बघा. तिथला सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, इसवी सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे. मंसिर हा त्यांचा महिना, आणि 'मंसिर १५' म्हणजे १५ डिसेंबर नव्हे, नोव्हेंबर संपता संपताचा दिवस. यावरून तिकिटं रद्द करायची वेळ आलेली पाहिली आहे.

कागदपत्रांत मुलं हमखास अडकतात. व्हिसा लागत नाही हे खरं, पण विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. अठरा पूर्ण झालेल्या मुलांना आधार कार्ड चालत नाही. आता तुमच्या सेकंड इयरच्या वर्गात विचारून बघा, मतदार कार्ड किती जणांकडे आहे! आजच अर्ज भरायला लावा. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना प्राचार्यांचं ओळख प्रमाणपत्र चालतं, पण ते ठरलेल्या नमुन्यातच लागतं, नेहमीचं बोनाफाईड नाही.

पैशांचं सोपं आहे. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभरपर्यंतच्या आपल्या नोटा बिनधास्त न्या. त्यावरच्या नोटांचे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात चौकशी करा. मात्र यजमान कॉलेज मानधन किंवा प्रवासखर्च म्हणून संस्थेच्या खात्यात पैसे टाकू म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा. परदेशी संस्थेचा पैसा आला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, आडवा येतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ऑडिटर तुम्हाला झोपू देणार नाही. राहणं-जेवण त्यांचं, प्रवास आपला, एवढं ठरवा. अनुदान हवं असेल तर बी. पी. कोइराला भारत-नेपाळ फाउंडेशन आहे, दोन्ही सरकारांनी १९९१ मध्ये नेमकं अशाच कामांसाठी काढलेलं.

वाद्यांबद्दल एवढंच, की मिरजेचा तंबोरा नेणार असाल तर तारा सैल करून, कडक पेटीत न्या. भोपळ्याला तडा गेला की तिथे दुरुस्त करून मिळेल या भरवशावर राहू नका. आणि कुणाच्या घरातली जुनी पोथी "दाखवायला" म्हणून अजिबात नेऊ नका. ७५ वर्षांवरचं हस्तलिखित आणि १०० वर्षांवरची कलावस्तू पुरातन ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही.

आता मुद्द्याचं. मंचावरच्या चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमाला मी देवाणघेवाण म्हणत नाही. आपली मुलं नाचतात, त्यांची मुलं टाळ्या वाजवतात, मग त्यांची नाचतात, आपली टाळ्या वाजवतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, ग्रुप फोटो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला कागद लागतो, ते मलाही कळतं, पण एमओयू ही त्या फायलीचीच गरज आहे, मुलांची नाही. मुलांना दोन्हीकडच्यांनी मिळून करायचं एकच काम द्या.

आमच्या एका दौऱ्यात आम्ही नेपाळच्या तराईतलं जनकपूर धरलं होतं, त्याला कारण सांगलीचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि आपली रंगभूमी सुरू झाली, हे शाळेतच पाठ होतं. त्या सीतेचं माहेर जनकपूर, हे मात्र आपल्या डोक्यात रामायणापुरतंच असतं. तिथे दर मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला राम-सीतेचं लग्न लागतं, वरात निघते, अख्खं शहर लग्नघर होतं. ऐन पंचमीला खोल्या मिळत नाहीत, म्हणून आम्ही चार दिवस आधी गेलो.

तिथल्या मुलींबरोबर आम्ही भाव्यांच्याच पद्धतीनं सीता स्वयंवर बसवायला घेतलं. त्या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. सूत्रधार पदं गातो आणि पात्रं आपलं बोलणं आयत्या वेळी रचतात. लिहिलेली संहिता नाही, म्हणजे भाषांतराची कटकट नाही. आमचा सूत्रधार मराठीत गायचा, तिथल्या मुली त्यांच्या मैथिली भाषेत उत्तर द्यायच्या, मधे कामापुरती हिंदी.

तालमीत तिथल्या मुलींनी लग्नातली गाणी सुरू केली आणि आमच्या मुली गोंधळल्या. त्या गाण्यांत नवरदेवाची, म्हणजे रामाची, यथेच्छ टर उडवतात. एक भाऊ गोरा, एक काळा, हे कसं काय, असं भर मांडवात विचारतात. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "सर, देवाला असं?" पण त्यांच्या लेखी तो गावचा जावई, आणि जावयाची थट्टा करायची नाही तर कुणाची? मग आमच्या जत तालुक्यातल्या एका मुलीनं आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, सीतेच्या वनवासाच्या. वहीत वाचून नव्हे, जमिनीवर बसून, हात जात्याचा खुंटा फिरवल्यासारखा फिरवत. मैथिली पोरींना शब्द निम्मेच कळले असतील. पण एक हिंदी समजणारी मुलगी भराभर अर्थ सांगत होती आणि बाकीच्या गप्प बसून ऐकत होत्या. तिथल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, आमच्याकडे बरीच घरं विवाहपंचमीला आपल्या मुलीचं लग्न लावत नाहीत, सीतेच्या नशिबी सुख कुठे आलं म्हणून. पुढचा दीड तास कुणाला तालमीची आठवण राहिली नाही. मीही करून दिली नाही.

त्या मुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून चालू आहे. त्याच दौऱ्यात सह्या झालेल्या कराराची प्रत कुठे आहे, हे आता मला सांगता येणार नाही.

तेव्हा काठमांडूचं निमंत्रण घ्या, पण त्यांना सांगून दोन-तीन दिवस जनकपूरला काढा. काठमांडूहून विमान आहे. स्वस्तात जायचं तर कुर्ला टर्मिनसहून पवन एक्सप्रेसनं थेट बिहारमधल्या जयनगरला उतरायचं आणि तिथून २०२२ मध्ये सुरू झालेल्या छोट्या गाडीनं जनकपूर गाठायचं. पोखरा गळेल, मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्यात. सीता नको असेल तर दुसरं काही घ्या, पण घ्या एकच.

आणि परतभेट. याकडे कुणीच बघत नाही. नेपाळच्या नागरिकांना आपल्याकडे यायला व्हिसा लागत नाही, म्हणजे सबबही नाही. त्यांना साताऱ्यात आणून कास आणि ठोसेघर दाखवून परत पाठवू नका. कर्मवीरांनी १९२४ मध्ये काढलेलं शाहू बोर्डिंग दाखवा, 'कमवा आणि शिका' नेमकं कसं चालतं ते तिथल्या मुलांच्याच तोंडून ऐकू द्या. डोंगराळ भागातून शहरात शिकायला आलेल्या नेपाळी मुलांना ते लगेच समजेल. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत अर्धा दिवस बसवा. एक रात्र जावळी-पाटणकडच्या एखाद्या घरी राहू द्या, लॉजवर नको.

हे सगळं तुम्ही जायच्या आधी ठरलं पाहिजे. त्यांच्या येण्याचा खर्च याच वर्षीच्या बजेटमध्ये धरून त्यावर प्राचार्यांची सही घ्या. पुढच्या वर्षी प्राचार्य बदलले तर नवे साहेब म्हणतील, तो जुन्यांचा उपक्रम होता.