न्यूअर्कच्या नाण्यावरचं ‘ऑब्स’ आणि आपला वेढा

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या न्यूअर्क गावच्या पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराच्या एका चांदीच्या नाण्यावर ‘ऑब्स : न्यूअर्क 1646’ असं रोमन लिपीत कोरलेलं आहे. त्यातल्या ‘ऑब्स’चा अर्थ काय? आणि फोटोखाली मराठीत ‘आणीबाणीचं नाणं’ लिहिलं तर चालेल का?

‘ऑब्स’ हे लॅटिन शब्दाचं छोटं रूप, अर्थ ‘वेढलेलं’. वेढ्याला लॅटिनमध्ये ‘ऑब्सिडियम’ म्हणतात. ‘ऑब’ म्हणजे समोर आणि ‘सेदेरे’ म्हणजे बसणे. शत्रूच्या दारासमोर ठाण मांडून बसणे, हे त्या शब्दातलं चित्र. आपण रोज वापरतो तो ‘ऑब्सेशन’ शब्दही याच घरातला.

हा ‘सेदेरे’ आणि संस्कृतमधला ‘सद्’ धातू एकाच मुळाचे. सदन, संसद, परिषद, सभासद ही सगळी ‘सद्’चीच लेकरं. मला खरा आनंद झाला तो ‘उपसद्’ या शब्दाचा. सोमयागातल्या एका विधीचं हे नाव, पण त्याचा जुना अर्थ वेढा असाही आहे. तैत्तिरीय संहितेत कथा येते: असुरांची तीन पुरं होती, एक लोखंडाचं, एक चांदीचं, एक सोन्याचं. देवांना ती लढून जिंकता येईनात, म्हणून त्यांनी उपसदाचा मार्ग धरला. तिथेच वाक्य आहे, ‘उपसदा वै महापुरं जयन्ति’, म्हणजे मोठं पुर जिंकायचं ते उपसदानेच. जवळ जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. लॅटिन आणि वैदिक या दोन्ही भाषांनी वेढ्याला ‘बसणं’ म्हटलं आहे.

मराठीने मात्र दुसरं चित्र घेतलं. आपला ‘वेढा’ संस्कृत ‘वेष्ट्’ म्हणजे गुंडाळणे यावरून प्राकृत ‘वेढ’मार्गे आला. बोटात घालायचं वेढं तेच, आणि सिद्दी जौहरने 1660 मध्ये पन्हाळ्याला घातला तो वेढाही तोच. बसण्याची कल्पना आपल्याकडे ‘तळ ठोकला’, ‘धरणं धरलं’ यांत राहिली.

आता ते नाणं. न्यूअर्क हे ट्रेंट नदीकाठचं गाव, इंग्लंडच्या राजा विरुद्ध संसद अशा यादवी युद्धात राजा पहिला चार्ल्स याच्या बाजूचं. तिसरा वेढा नोव्हेंबर 1645 ते मे 1646 असा चालला. आतल्या शिबंदीला पगार द्यायचा तर नाणी हवीत, म्हणून चांदीची भांडी कापून नाणी पाडली. एका बाजूला मुकुट, राजाच्या नावाची अक्षरं आणि रोमन आकड्यांत किंमत: 30, 12, 9 किंवा 6 पेन्स. दुसऱ्या बाजूला ‘ऑब्स’, गावाचं नाव आणि साल. गावाच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा सगळ्या नाण्यांवर एकसारखं नाही. काही नाण्यांवर भांड्याचा सोनेरी मुलामा अजून दिसतो.

आकार थेट शंकरपाळ्याचा. शंकरपाळे कातताना पोळीचा तुकडा जवळजवळ वाया जात नाही. गोल पुऱ्या पाडल्या की मधल्या कातरणांचा पुन्हा गोळा करावा लागतो. चांदीच्या पत्र्याचंही तसंच. 30 पेन्सच्या नाण्याचं वजन सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच किमतीच्या नेहमीच्या इंग्लिश नाण्याइतकं, अर्ध्या क्राउनइतकं. पण नाण्याचं नाव आकारावरून ठरवू नये. अकबराने ऐन भरभराटीत चौकोनी रुपये पाडले होते.

‘आणीबाणीचं नाणं’ मला पटत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन गावांनी सुट्या पैशांच्या टंचाईपायी काढलेला चलनी कागदही त्यात बसेल, आणि मराठी वाचकाला आणीबाणी म्हटलं की आधी 1975 आठवेल. सरळ ‘वेढा’ शब्द घ्या. पण ‘वेढ्याचं नाणं’ न म्हणता ‘वेढ्यातलं नाणं’ म्हणा. ‘वेढ्याचा खर्च’ म्हटलं की तो वेढा घालणाऱ्याचाही असू शकतो. ‘वेढ्यातली माणसं’ म्हटलं की ती आत अडकलेलीच. हा ‘-तला’ प्रत्यय नाणं कोणत्या बाजूचं ते सांगून टाकतो, आणि इथे तेच महत्त्वाचं आहे, कारण ही नाणी तटाच्या आतली माणसं बोलल्यासारखी बोलतात. व्हिएन्नाच्या 1529 च्या नाण्यावर तुर्काने व्हिएन्नाला वेढा घातल्याचं जर्मनमध्ये कोरलं आहे. इंग्लंडमध्येच राजाच्या बाजूने लढणाऱ्या पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यातल्या नाण्यांवर आधी लॅटिनमध्ये ‘श्वास आहे तोवर आशा आहे’ असं होतं. 30 जानेवारी 1649 ला राजाचा शिरच्छेद झाला, तरी किल्ला लढतच होता. मग त्याच किल्ल्यातून राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स याच्या नावाने नाणी निघाली. त्यांवर लिहिलं आहे, ‘पित्याच्या मृत्यूनंतर, पुत्रासाठी’.

तुमच्या फोटोखाली एवढं पुरेल: ‘वेढ्यातलं नाणं, न्यूअर्क, 1646, चांदी’.