सहा नावं नको, एकीचं काम नीट वाच

प्रिय बेटा,

तुझी मेल वाचली. पीएचडीच्या फॉर्ममधला तो चौथा प्रश्न, तुम्हाला प्रेरणा देणारी स्त्री कोण आणि का, त्याच्यासाठी तू सहा नावं काढलीयेस आणि प्रत्येकीपुढे दोन-दोन ओळी, कुठल्या साली कुठला पुरस्कार आणि कशात ती पहिली होती. आणि शेवटी मला विचारतेस की मॅडम ह्या एवढ्या मोठ्या बायका, माझ्यासारख्या इंदूरच्या सुदामानगरातल्या साध्या मुलीने त्यांच्याबद्दल काय लिहायचं, त्यापेक्षा तो प्रश्न गूगलवरून उचलून भरून टाकते. नको टाकूस. तुला वाटतंय तेवढा तो प्रश्न फालतू नाहीये, आणि तुझ्या घरी तुला पीएचडीला बंगलोरला पाठवायचं की नाही ह्यावर जे चाललंय ना त्याचंही उत्तर थोडंफार ह्यातच आहे, म्हणून जरा लांब लिहिते, निवांत वाच.

तुझ्या यादीतलं तिसरं नाव कमला सोहोनी. बाकीची पाच खोड, ही एक ठेव. तू बायोकेमिस्ट्रीची, त्या बायोकेमिस्ट्रीच्या, आणि जन्म कुठला माहितीये का? आपल्या इंदूरचा, 1911 चा, माहेरच्या भागवत. आणि तू काय लिहिलंयस तर विज्ञानात पीएचडी करणारी पहिली भारतीय स्त्री. अगं हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल ह्यांची मिशिगनची डी.एस्सी., म्हणजे तीही डॉक्टरेटच, 1931 ची आहे, कमलाबाईंची केंब्रिजची पीएचडी 1939 ची, मग डी.एस्सी. धरायची की पीएचडी धरायची ह्यावर लोक वाद घालत बसतात. इंटरव्ह्यूला समोर कोणी जाणकार असेल तर तो तुला इथेच अडवेल. पण त्याहून महत्त्वाचं सांगू का, कोण पहिली हे कळून तुला काय मिळणार? त्या सकाळी लॅबमध्ये जाऊन काय करत होत्या ते कळलं तर मिळेल.

गोष्ट तुला अर्धी माहिती आहे. 1933 मध्ये मुंबईहून बी.एस्सी. करून त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला, तेव्हाची टाटा इन्स्टिट्यूट, अर्ज केला, वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले, मार्क उत्तम, तरी तिथले डायरेक्टर सी. व्ही. रमण ह्यांनी अर्ज नाकारला, कारण काय तर मुलगी आहे. त्या तिथे जाऊन समोर उभ्या राहिल्या, सत्याग्रह केला, शेवटी प्रवेश मिळाला पण अटी घालून. पहिलं वर्ष रेग्युलर विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाइड सांगेल तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ह्या अटी वाचून मला अजूनही संताप येतो. कमलाबाईंनीही पुढे आयुष्यभर हे झाकलं नाही, रमण थोर शास्त्रज्ञ होते पण ह्या बाबतीत मन कोतं होतं असं त्या स्पष्ट बोलल्या.

भाषणांमध्ये ही गोष्ट इथेच संपते बघ. नाही म्हणाले, ही बसली, हो म्हणाले, टाळ्या. मला तुला त्याच्या पुढचं दाखवायचंय. पुढे ते प्रोबेशनचं वर्ष आहे, श्रीनिवासय्या नावाचे अतिशय कडक गाइड आहेत, पहाटेपासून रात्रीपर्यंत लॅब आहे, आणि कामाचा विषय काय तर दूध आणि डाळींमधली प्रोटीन्स. डाळी! ज्या देशात बहुतेकांच्या ताटात प्रोटीन म्हणजे डाळच, तिथे डाळीचं प्रोटीन नीट समजून घेणं म्हणजे काय काम आहे विचार कर. वर्षभर ते काम बघून रमण ह्यांचं मत बदललं आणि मग इतर मुलींनाही तिथे दार उघडलं. म्हणजे सत्याग्रहाने एक वर्ष मिळालं आणि कामाने बाकीचं मिळालं, हे दोन्ही लिही, एकच लिहू नकोस.

मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल ह्यांच्याकडे बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये साइटोक्रोम सी सापडलं. तुला वेगळं सांगायला नको की पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं ते प्रोटीन, पण ते प्राण्यांसारखंच वनस्पतींतही काम करतं हे दाखवणं तेव्हा केवढं होतं. थिसिस किती पानांचा? 40 पानांचा. तुमच्या बॅचमध्ये एम.एस्सी.च्या प्रोजेक्टलाच दीडशे पानं बाइंड करून आणतात आणि त्यातली शंभर पानं इंट्रोडक्शन. त्या 40 पानांबद्दल लिही, मला फार आवडेल.

आणि 1939 ला परत आल्यावरची वर्षं तर कोणी सांगतच नाही. दिल्लीला लेडी हार्डिंग, मग कुन्नूरची न्यूट्रिशनची लॅब, मग लग्न करून मुंबई, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, आणि तिथे वर्षानुवर्षं डाळी, कडधान्यं आणि नीरा. ताडाची नीरा, जी गरिबाला परवडते, तिच्यात व्हिटॅमिन आणि लोह किती आहे आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायकांना ती दिली तर फरक पडतो का, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तपासलं आणि फरक पडतो असं दिसलं. राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला तो ह्या कामाला. संस्थेचं डायरेक्टरपद मात्र हक्काचं असून वर्षानुवर्षं लांबवलं गेलं, तेव्हा त्या शिकवत होत्या, मुलांचे पेपर करून घेत होत्या. नंतर ग्राहक चळवळीत जाऊन खाण्यातली भेसळ कशी ओळखायची ह्यावर लिहीत राहिल्या. केंब्रिजहून आलेली बाई! मला ह्या भागाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, खरं सांगते.

आता एक आणखी. त्यांची मोठी बहीण कोण ठाऊक आहे का? दुर्गा भागवत. त्याही इंदूरलाच जन्मलेल्या, 1910 साली. एका घरातल्या पाठोपाठच्या दोन बहिणी, एक रसायनात गेली, एक लोकसाहित्यात. दुर्गाबाई म्हटलं की सगळ्यांना 1975 चं कराडचं साहित्य संमेलन आठवतं, आणीबाणी चालू असताना अध्यक्षपदावरून बोलल्या, पुढे अटक झाली, पण सरकारपुढे वाकल्या नाहीत. ते मोठंच आहे. पण मला वाटतं तू त्यांचं तरुणपण वाचावंस. पीएचडीसाठी मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात फिरत असताना खाण्यातून विषबाधा झाली आणि सहा वर्षं आजारपणात गेली, पीएचडी राहिली ती राहिलीच. तुझ्या वयाच्या मुलीची सहा वर्षं! पण त्या अंथरुणावरून उठल्यावर जे लिहिलं, लोककथा, ऋतू, झाडं, बौद्ध साहित्य, स्वयंपाकसुद्धा, ते बघितलं की कळतं डिग्री हातात नसली तरी अभ्यास कुठे थांबला नव्हता. तू म्हणालीस ना की बंगलोरला झालं नाही तर सगळं संपलं, म्हणून हे लिहिलं.

घरचे काय म्हणतात ते तू लिहिलंयस, एवढं लांब कशाला, इथेच बी.एड. कर, इंदूरमध्ये काय कमी आहे. त्यांच्यावर चिडू नको. त्यांना काळजी आहे. पण तुझे बाबा रोज राजवाड्यावरून जातात ना, तिथे अहिल्याबाईंचा पुतळा आहे, हार घालायला आपण सगळे जातो, त्यांना एकदा मल्हाररावांचं ते 1765 चं पत्र सांग. सुनेला पत्र लिहितात, आणि त्यात काय लिहितात? चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठ्या तोफा बरोबर ठेव आणि दारूगोळ्याची जमेल तेवढी तजवीज कर. अठराव्या शतकात सासरा विधवा सुनेला तोफखान्याचं काम सोपवतोय! नवरा खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, मल्हारराव 1766 ला, मुलगा मालेराव 1767 ला, आणि मग अहिल्याबाईंनी महेश्वरहून 1795 पर्यंत राज्य चालवलं. आपण घाट सांगतो, काशी विश्वनाथाचं देऊळ सांगतो, महेश्वरी साड्या सांगतो, पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्या हिशोब, पत्रव्यवहार, फौजेची व्यवस्था हे सगळं शिकत होत्या आणि घरातलंच एक मोठं माणूस त्यांना लांब पाठवून, जबाबदारी देऊन शिकवत होतं. तुझ्या बाबांना हे पटेल असं मला वाटतं, ते सरळ माणूस आहेत. हवं तर मी बोलते.

लता मंगेशकरांचं नाव तू यादीत पहिलं घातलंयस, इंदूरचं म्हणून घातलंयस ते कळलं मला, 1929 चा जन्म इथलाच. त्यांच्याबद्दल निबंध नको लिहू, इतक्या जणांनी लिहिलंय की तुझं वेगळं दिसणार नाही. तुझ्यासाठी एवढंच लक्षात ठेव की 1942 ला वडील गेले तेव्हा भावंडांत त्याच सगळ्यात मोठ्या होत्या आणि तेराव्या वर्षी कामाला लागल्या, आणि पुढे उर्दू उच्चारांवर कोणी बोट ठेवलं तर रुसून न बसता शिक्षक लावून उर्दू शिकल्या. आणि फिल्मफेअरमध्ये गाणाऱ्यांना पुरस्कारच नाही तर मी तिथे स्टेजवर गाणार नाही असंही त्याच म्हणाल्या, मग 1959 पासून तो पुरस्कार सुरू झाला. शिकायचं असेल तिथे शिकणं आणि हक्काचं असेल तिथे अडून बसणं. तुला इंटरव्ह्यूत इंग्लिश अडतं, तर त्यासाठी रडत बसू नको, रोज तासभर जोरात वाच.

संध्या अग्रवाल तुझ्या यादीत नाहीतच ह्याचं मला आश्चर्य वाटलं. इंदूरच्या, 1986 मध्ये इंग्लंडमध्ये टेस्टला 190 केल्या, 1935 पासूनचा 189 चा रेकॉर्ड मोडला. तेव्हा बायकांचं क्रिकेट टीव्हीवर कोण दाखवत होतं! सुमित्राताई महाजनांचं तू लिहिलंयस, लोकसभेच्या अध्यक्ष वगैरे, पण त्या चिपळूणच्या, लग्न होऊन इंदूरला आल्या आणि 1989 पासून सलग आठ वेळा इथून निवडून गेल्या, त्याच्या आधी इथल्या महापालिकेत उपमहापौर होत्या, नळाच्या नि गटारीच्या तक्रारी ऐकून तिथपर्यंत पोचल्या. तेही कधीतरी सवडीने वाच.

आता तुझ्या कामाचं. कमलाबाईंनी त्या अटी मान्य केल्या कारण दुसरं दार नव्हतं. तुला तसं मान्य करायची गरज नाही, हे मी ठासून सांगते. कोणी गाइड म्हणाला की मुलींनी लग्न करणार नाही असं लिहून द्यावं किंवा रात्री अमुक वाजता एकटीने यायलाच पाहिजे, तर तिथून उठायचं. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे, पीएचडी करणाऱ्या मुलींना मुदतीत दोन वर्षं जास्त मिळतात आणि 240 दिवस मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह मिळते. 2013 च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवीच, तिचे मेंबर कोण ते वेबसाइटवर बघून ठेव. आणि लॅब निवडताना गाइडच्या पेपरांची संख्या बघण्याआधी त्यांच्याकडे आत्ता शिकणाऱ्या दोन-तीन मुलींना फोन कर, किती वर्षांत पीएचडी पूर्ण होऊ देतात, पेपरवर नाव कोणाचं पहिलं येतं, आजारी पडलं तर काय होतं, सरळ विचार. मुली खरं सांगतात एकमेकींना.

घरी पैशाचंही बोल. तुझं नेट जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा, झालंय, महिन्याला 37,000 मिळतात, होस्टेलला राहिलं तर एचआरए म्हणजे घरभाड्याचा भत्ता मिळत नाही पण होस्टेल स्वस्त पडतं, तू घरावर ओझं होणार नाहीयेस हे आईला आकड्यांत दाखव, आईला आकडे कळतात, तिने भिशी चालवलीये इतकी वर्षं.

आणि तो चौथा प्रश्न असा लिही. पहिल्या परिच्छेदात कमलाबाईंचं एक काम, फक्त एक, डाळीची प्रोटीन्स किंवा नीरा, प्रश्न काय होता, तपासलं कसं, निघालं काय. पुरस्कार नको. दुसऱ्या परिच्छेदात तुझं स्वतःचं, ते तू मोरधनावर, म्हणजे वरीवर, केलेलं प्रोजेक्ट, जे तू मेलमध्ये एका ओळीत गुंडाळलंयस, त्यात सेंट्रिफ्यूज बंद पडल्यावर तू काय केलंस तेही लिही, सिलेक्शन कमिटीला हेच वाचायचं असतं. "इन्स्पिरेशन" हा शब्द एकदाही नको. साडेतीनशे शब्दांच्या वर जाऊ नको.

ड्राफ्ट शनिवारपर्यंत मेल कर, मी लाल पेनाने खुणा करून फोटो पाठवीन. रविवारी सकाळी बाबांना घेऊन ये, दहानंतर मी घरीच आहे.

तुझी,
मॅडम