मणके सारखे दिसले म्हणून सुई तिथेच?

प्रश्न: कुत्र्याला एपिड्युरल (मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेलं बधिर करणारं इंजेक्शन) देताना कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी (कमरेखालचं जुळलेलं हाड) यांच्यामधल्या फटीत सुई घालायची असं शिकवलंय. मग जंगली प्राण्याला डार्ट (बेशुद्धीच्या औषधाचा बाण) मारून झोपवल्यावरही तिथेच दिलं तर चालेल ना? मणके तर सगळ्यांनाच असतात! – पशुवैद्यकाचा विद्यार्थी

उत्तर: मणके असतात हो, पण आतला मज्जारज्जू कुठे संपतो ते प्रत्येकाचं वेगळं असतं, सगळा घोळ तिथेच आहे. वाढताना मणक्यांची नळी पुढे निघून जाते आणि मज्जारज्जू मागे राहतो. माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, कुत्र्यात साधारण सहाव्या-सातव्यापाशी, मांजरीत आणि घोड्यात त्याहून शेपटीकडे, आणि हेजहॉगचा (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) तर चक्क छातीतच संपतो, पुढे नुसता नसांचा झुपका!

म्हणून कुत्र्यात सहसा चालणारी ती फट मांजरीत दगा देऊ शकते, कारण मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी त्या फटीच्याही पुढे शेपटीकडे गेलेली असते. सुईत पाणी दिसलं, म्हणजे सुई पिशवीत शिरली, तर एपिड्युरलचा पूर्ण डोस मुळीच ढकलायचा नाही, औषध वर चढलं की बीपी पडतो, श्वासाचे स्नायू ढिले होतात. बिबट्या समोर असेल तर मी कुत्र्याचा नाही, मांजरीचा नियम, म्हणजे सुई पिशवीत शिरू शकते, हे धरून चालेन.

दुसरी गोष्ट पुस्तकात पटकन सापडत नाही. पाळीव जनावर मागचे पाय बधिर असले तरी पडून राहील, जंगली नाही राहणार. बेशुद्धीच्या औषधाचा उतारा देऊन जागं केलं आणि पाय अजून लुळेच असले तर तो प्राणी पुढच्या पायांवर फरफटत पळायला बघतो, स्वतःचं हाड मोडून घेतो. म्हणून हरणासारख्यांत शेपटीकडचं काम असेल तर शेपटीच्या बुडाशी थोडंसंच द्यावं, तेही तास-दोन तासांत उतरणारं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध; त्याच जातीचं बुपिवाकेन नको, ते कितीतरी जास्त वेळ टिकतं. शेपटी हातपंपासारखी वरखाली करत बोटाने चाचपायचं, जिथे पहिल्यांदा ठळक हालचाल लागते तो सांधा. सुई आत गेल्यावर तिच्या बुडाशी ठेवलेला सलाईनचा थेंब आत ओढला गेला तर जागा बरोबर, आणि थोड्या वेळात शेपटी दोरीसारखी लोंबायला लागते. उतारा टोचायच्या आधी मागच्या खुरांमध्ये चिमटा काढून बघा, पाय आखडला नाही तर थांबा.